वडिलार्जित सायकलीस नवीं चाकें

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत वस्तूंच्याहि पिढ्या असतात. देवघरांतली समई पणजीची असते, ओसरीवरचा झोपाळा पणजोबांनीं करविलेला असतो, आणि जिन्याखालीं भिंतीशीं टेकून ठेवलेली काळी, उंच, दांड्याची सायकल आजोबांची असते. समई रोज लागते, झोपाळा रोज हलतो. सायकल मात्र वर्षानुवर्षें उभीच राहते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, एवढीच काय ती तिची वर्षांतून एकदां होणारी विचारपूस.

अलीकडे मात्र या सायकलींकडे तरुण मंडळींची दृष्टि पुन्हा वळूं लागली आहे. सामान बांधून आठ-दहा दिवस सायकलीनें प्रवास करावा, घाट उतरून कोंकणांत जावें, किनाऱ्याकिनाऱ्यानें गोवें गांठावें, ही हौस आतां बरीच रूढ झाली आहे. त्यासाठीं नवी सायकल विकत घेण्याऐवजीं आजोबांचीच बाहेर काढावी व तिला नव्या पद्धतीचीं हलकीं चाकें बसवावीं, असा बेत घरांत निघाला म्हणजे वडील मंडळींचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वडिलार्जित वस्तूची मोडतोड करूं नये. दुसरा म्हणतो, उभ्याउभ्या गंजण्यापेक्षां फिरलेली बरी. आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोघांच्याहि ध्यानांत बहुधा एक गोष्ट आलेली नसते. ती ही कीं, सायकलीचें चाक बदलणें म्हणजे नुसती तिची चाल बदलणें नव्हे, तर तिची थांबण्याची रीत बदलणें होय. ओझें लादून घाट उतरावयाचा असेल, तर चाकाच्या आधीं ब्रेकचा विचार झाला पाहिजे. पुढील सर्व विवेचन याच एका सूत्राला धरून आहे.

जुनी गाडी ओझ्यास नालायक नाहीं

प्रथम एक गैरसमज दूर करूं. जुनी सायकल लांबच्या प्रवासास निरुपयोगी, असें कोणी समजूं नये. जॉन केंप स्टार्ली यानें १८८५ सालीं इंग्लंडांत दोन सारख्या चाकांची व साखळीनें चालणारी सायकल काढली. १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आणि त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें. म्हणजे या वाहनाशीं आपल्या मुलखाचा संबंध त्याच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. पुढें १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परत आले. त्या काळीं आजच्यासारखीं हलकीं चाकें कोणापाशींहि नव्हतीं, हें येथें लक्षांत घ्यावें.

आपल्याकडील दांड्याच्या सायकलीची घडण इंग्लिश 'रोडस्टर' सायकलीची आहे. तिचा सांगाडा पोलादाचा, लांबट व मागें रेललेला असतो. पुढला चिमटा बराच तिरपा असतो. त्यामुळें ती चपळ नसते, पण खड्ड्यांतून सांभाळून नेते व ओझ्याखालीं डगमगत नाहीं. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे गांवांत येणारे गवळी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याविषयीं अधिक सांगावयास नको. तात्पर्य, सांगाडा धडधाकट असेल तर त्याच्या जुनेपणाची भीति नाहीं. धडधाकट म्हणजे काय, तें मात्र नीट पाहावें. चिमट्याच्या वरच्या टोकाशीं, पायडलच्या खोबणीजवळ व नळ्यांच्या सांध्यांशीं रंग फुगला आहे काय, तेथें बारीक चीर आहे काय, नळी ठोकली असतां आंतून गंजाची भुकटी पडते काय, हें एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावें. यांपैकीं कांहीं आढळल्यास ती सायकल गांवांत बाजारहाट करण्यापुरतीच ठेवावी. तिच्यावर ओझें लादून घाट उतरूं नये.

आंकडा एक, मापें दोन

आतां चाकाकडे वळूं. जुन्या सायकलीच्या टायरवर बहुधा २८ × १½ असे आंकडे असतात. नव्या सायकलींच्या टायरवर ७०० हा आंकडा असतो, आणि कित्येक टायरांवर त्याच्याच जोडीला पुन्हा २८ असेंहि छापलेलें असतें. ग्राहक समजतो, माप एकच. परंतु हे आंकडे टायरच्या बाहेरच्या अंदाजी व्यासाचे आहेत. टायर जेथें रिमवर बसतो त्या बैठकीचा व्यास निराळाच असतो. जुन्या २८ × १½ चा हा व्यास ६३५ मिलिमीटर, तर ७०० मापाचा ६२२ मिलिमीटर असतो. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाहीं. हल्लीं प्रत्येक टायरवर ४०-६३५ किंवा ३७-६२२ अशी जोडसंख्या बारीक अक्षरांत असते. तिच्यांतील पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा व दुसरा बैठकीच्या व्यासाचा. खरेदी करतांना हीच जोडसंख्या पाहावी, बाकीच्यांवर विसंबूं नये. ज्यांच्या घरीं लहान, २६ × १⅜ मापाची सायकल असेल, त्यांनीं तर दुप्पट जपावें. कारण तिचा व्यास ५९०, आणि डोंगरी सायकलीच्या '२६'चा ५५९. नांव एक आणि अंतर ३१ मिलिमीटरांचें!

६३५ च्या जागीं ६२२ चें चाक घातलें, तर रिम प्रत्येक बाजूनें साडेसहा मिलिमीटर आंत जाते. टायर थोडा रुंद घेतला म्हणजे उंचींतली तूट कांहीशी भरून येते, आणि जुन्या सायकलींत मडगार्डाखालीं मोकळी जागा पुष्कळ असल्यामुळें तो अडतहि नाहीं. येथपर्यंत सर्व सुरळीत वाटतें. खरी अडचण निराळीच आहे.

ब्रेक आधीं

जुन्या सायकलीचे ब्रेक सळयांचे असतात. मूठ दाबली कीं सळई वर ओढली जाते व तिच्या टोकाचे रबरी ठोकळे रिमच्या आंतल्या अंगास, म्हणजे आऱ्यांच्या बाजूनें, घासतात. त्यासाठीं त्या रिमच्या आंतल्या अंगास दोन्ही कांठांशीं खास गुळगुळीत पट्ट्या ठेवलेल्या असतात. नव्या ॲल्युमिनियमच्या रिमला तशा पट्ट्या नसतात. तिचा ब्रेक दोन बाजूंनीं चिमटीसारखा धरणारा असतो. अर्थात् नवें चाक बसविलें कीं जुना ब्रेक त्या क्षणीं निकामी होतो. बरें, बाजूनें धरणारा नवा ब्रेक लावावा, तर जुन्या सायकलीच्या चिमट्यापासून रिमपर्यंतचें अंतर इतकें असतें कीं सामान्य ब्रेकचे हात तेथवर पोंचतच नाहींत. कित्येक हौशी मंडळी येथें कांहीं तरी तडजोड करून वेळ मारून नेतात. गांवांतल्या सपाट रस्त्यावर ती खपूनहि जाते. घाटांत खपत नाहीं.

कां खपत नाहीं, याचा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल. स्वार ७५ किलो, सायकल २० किलो, सामान २५ किलो, मिळून १२० किलो वजन ६०० मीटर खालीं उतरलें, तर सुमारें ७ लक्ष जूल इतकी शक्ति कोठें तरी खर्च व्हावयास हवी. एवढ्या शक्तीनें सव्वादोन लिटर गार पाणी उकळूं लागेल. यांतील कांहीं भाग वारा खातो, कांहीं टायर खातात; पण स्वार जितका सावकाश उतरेल तितका वाऱ्याचा वांटा कमी व ब्रेकचा अधिक. मोटर हांकणारा घाटांत गाडी खालच्या गीअरवर ठेवून इंजिनाकडून तिला आवरून धरतो. सायकलीला फ्रीव्हील असल्यामुळें ती सोय मुळींच नाहीं. सगळा भार त्या दोन ब्रेकवर. त्यांतून पोलादी रिम पावसांत भिजली म्हणजे रबर तिच्यावर धरतच नाहीं, हा जुन्या स्वारांचा नित्याचा अनुभव आहे. ॲल्युमिनियमची रिम पावसांत पुष्कळच बरी. तथापि तीहि भिजल्यावर प्रथम पाणी पुसलें जाईपर्यंत थोडा अवकाश घेते.

मग उपाय काय? आमच्या मतें जुन्या सायकलीस सर्वांत शोभणारा उपाय म्हणजे हबमधील ड्रमब्रेक. यांत घर्षण चाकाच्या नाभींत, बंद डबींत होतें. रिमशीं त्याचा संबंध नाहीं. पाऊस-चिखलाची त्यास बाधा फारशी होत नाहीं. नॉटिंगहॅम येथें १९०२ सालीं स्थापन झालेल्या व २००० सालापासून तैवानी मालकीच्या झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे असे हब आजहि तयार होतात. पुढच्या चाकासाठीं ७० व ९० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचे दोन प्रकार आहेत. ओझ्याच्या प्रवासास ९० चाच घ्यावा, कारण मोठी डबी उष्णता अधिक सोसते. तरीहि लांब उतारावर ड्रम तापतो व तापला म्हणजे त्याची पकड सैल पडते. यासाठीं उतरतांना दोन्ही ब्रेक आळीपाळीनें वापरावे, वेग वाढूं देऊन मग आवरण्यापेक्षां तो मुळांतच बेताचा ठेवावा, आणि मध्यें एखाद्या वळणावर थांबून चहा घ्यावा. तेवढ्या वेळांत ब्रेकहि निवतो.

या ब्रेकची एक गोष्ट मात्र प्राणांशीं गांठ घालणारी आहे. ड्रमच्या हबला एक लांब पोलादी हात असतो व तो पट्टीनें चिमट्याच्या पायाशीं बांधावयाचा असतो. ब्रेक लागतांना चाकाचा सारा जोर या हातावर येतो. पट्टी सैल असली किंवा बांधावयाची राहिली, तर हात आंसासकट गरकन् फिरतो आणि चाक एकाएकीं अडकून स्वार पुढें फेंकला जाण्याचा संभव असतो. पंक्चर काढून चाक पुन्हा बसविल्यावर नट आवळण्याइतकेंच ही पट्टी आवळण्यास महत्त्व आहे. घरांतील ज्या कोणाला ही सायकल वापरावयाची असेल, त्या प्रत्येकाला ही गोष्ट हातांत पाना देऊन शिकवावी.

सळयांचा ब्रेक जातो तेव्हां त्याच्या मुठी ज्यांत गुंफलेल्या असतात तें हँडलहि बदलावें लागतें, हें पुष्कळांच्या ऐन वेळीं ध्यानांत येतें. नवें साधें हँडल व तारेच्या ब्रेकच्या मुठी या खर्चाची आधींच तरतूद ठेवावी.

रुंदी आणि गीअर

चाक सांगाड्यांत बसतें तें आंसाच्या रुंदीनें. जुन्या सायकलीच्या मागील दोन पायांतील अंतर सुमारें ११० ते ११५ मिलिमीटर असतें. हल्लींच्या अनेक दांत्यांच्या गीअरच्या चाकास १३० ते १३५ लागतें. पोलादी सांगाडा थोडा ताणतो, हें खरें; म्हणून कांहीं जण तो ओढून वीस-पंचवीस मिलिमीटर फांकवितात. आम्ही हा मार्ग सुचविणार नाहीं. जुन्या सांध्यांवर त्याचा ताण येतो, मागचे पाय समांतर राहत नाहींत, आणि मुख्य म्हणजे तें पुन्हा पूर्ववत् करतां येत नाहीं. याहून सुलभ मार्ग म्हणजे हबच्या आंत गीअर असलेलें तीन गतींचें चाक. त्याची रुंदी, ब्रेकसकट घेतलें तरी, १२० च्या आसपास असते. तेवढें सांगाडा हातानेंच सामावून घेतो. शिवाय या सायकलींच्या पिढीशीं त्याचें नातेंहि आहे. स्टर्मी-आर्चरचा 'ए डब्ल्यू' नांवाचा तीन गतींचा हब १९३६ सालचा. त्यांतली मधली गति सरळ, वरची तिच्या सव्वापटीहून थोडी अधिक व खालची पाऊणपट.

गीअर म्हणजे चैन, असें कोणास वाटत असेल तर थोडा हिशेब पाहावा. पुढें ४८ व मागें १८ दांते असलेल्या जुन्या सायकलीचें पायडल एकदां फिरलें कीं ती जवळजवळ ६ मीटर जाते. ओझें लादून चढणीवर एवढें ओढणें तरण्याताठ्याच्याहि गुडघ्यांस जाचक. मागें २२ दांत्यांचें चक्र घालून खालची गति वापरली, तर हेंच अंतर साडेतीन मीटरांवर येतें. साऱ्या फ्रान्सभर धांवणाऱ्या प्रसिद्ध शर्यतीच्या चालकांनीं साखळी सरकविणाऱ्या गीअरला १९३७ सालापर्यंत बंदी ठेविली होती. त्यांच्या दृष्टीनें तो स्वाराच्या पराक्रमास कमीपणा होता. प्रवासाला निघालेल्या गृहस्थाला पराक्रम गाजवावयाचा नसतो, संध्याकाळीं मुक्कामाला धड पोंचावयाचें असतें.

पुढील चाकाच्या आंसाविषयीं एक सूचना. जुन्या चिमट्याची खांच सुमारें ८ मिलिमीटरांची असते. नवा आंस तिच्याहून जाड असतो. अशा वेळीं मिस्त्री कानस उचलतो व चिमट्याची खांच घासूं लागतो. त्यास थांबवावें. घासावयाचेंच तर नव्या आंसाचीं टोकें दोन अंगांनीं किंचित् चपटीं करावीं. आंस बाजारांत पुन्हा मिळेल, आजोबांच्या सायकलीचा चिमटा मिळणार नाहीं.

नाभि, अर आणि नेमि

चाकाचीं हीं तीन अंगें व त्यांचीं नांवें आपल्या पूर्वजांस वेदकाळापासून परिचित आहेत. परंतु रथाच्या चाकाचा लांकडी आरा खांबासारखा असे. नाभीचा भार खालचा आरा तोलून धरी. सायकलीचा आरा म्हणजे तार. ती भार तोलूं शकत नाहीं, फक्त ओढूं शकते. म्हणून सर्व आरे आधींच घट्ट ताणून ठेवतात, आणि ओझें आलें म्हणजे खालच्या आऱ्यांचा ताण तेवढा कमी होतो. जॉबस्ट ब्रँट या अभियंत्यानें १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकांत ही गोष्ट विस्तारानें मांडली आहे. ताण पुरेसा व सर्वत्र सारखा असेल तर आरा वर्षें टिकतो. सैल असेल तर प्रत्येक फेऱ्यास तो ढिला-ताठ होत अखेर हबजवळच्या बांकाशीं तुटतो. प्रवासांत आरे तुटतात ते बहुधा ओझ्यानें नव्हे, तर ढिलाईनें.

जुन्या इंग्लिश रिवाजाप्रमाणें पुढें ३२ व मागें ४० आरे असत. कारण मागच्या चाकावर वजन अधिक. नवे हब व रिमा बहुधा ३६ आऱ्यांच्या मिळतात व दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम असेल तर तेवढे पुरतात. चाक ओवण्याचें काम मात्र स्वस्तांत उरकूं नये. रिमचा आउट काढणें येतें तो प्रत्येक जण आऱ्यांचा ताण ओळखतो असें नाहीं. चांगला कारागीर बोटानें तारा छेडून त्यांचा स्वर ऐकतो. एका बाजूच्या साऱ्या तारा जवळजवळ एका स्वरांत बोलल्या पाहिजेत. तंबोरा लावणाऱ्या घरांत हें निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. नवीं चाकें बसविल्यावर ओझें लादून शंभर-दीडशें किलोमीटर जवळपासच हिंडावें व मग आरे पुन्हा तपासून घ्यावे. त्यापूर्वीं दूरच्या प्रवासास निघूं नये.

वाटेवरची सोय

नव्या चाकाचा एक तोटाहि सांगितला पाहिजे. आडगांवच्या दुकानांत २८ × १½ चा टायर अद्याप मिळण्याचा संभव असतो. ६२२ चा मोठ्या गांवाबाहेर मिळेलच असें नाहीं. म्हणून घडीचा एक टायर, दोन ट्यूब, हबच्या दोन्ही बाजूंच्या मापाचे चार-चार आरे व पाने जवळ बाळगावेत. सुदैवानें ट्यूब रबरी असल्यामुळें अडल्या वेळीं जुन्या मापाची ट्यूब नव्या रुंद टायरांत चालून जाते. सामान सगळेंच मागच्या कॅरिअरवर उंच रचूं नये. तें दोन पिशव्यांत विभागून आंसाच्या जवळ, खालीं टांगावें व थोडें पुढेंहि घ्यावें. मागच्या चाकाचें आयुष्य त्यानें वाढतें आणि उतारावर हँडल हलत नाहीं.

जुनीं चाकें टाकूं नयेत

आतां वडील मंडळींच्या पक्षाविषयीं. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात तेव्हां ढासळलेला सभामंडप नवा बांधतात, पण गाभाऱ्यास हात लावतांना दहा वेळां विचार करतात. सायकलीच्या बाबतींत सांगाडा व चिमटा हा गाभारा समजावा. त्यावर कानस, वेल्डिंग अथवा नवा रंग चालवूं नये. बाकी जें जें बदलावयाचें, तें एका दुपारीं दोन पान्यांनीं परत काढतां येईल असेंच असावें. चाकें, हँडल, ब्रेक व गीअर हीं सर्व या कसोटीस उतरतात. फांकविलेला सांगाडा व घासलेला चिमटा उतरत नाहींत. या नियमानें चाललें म्हणजे घरांतल्या दोन पक्षांचा वाद आपोआप मिटतो. तरुणांस प्रवासास भरंवशाची सायकल मिळते, आणि वडिलांची सायकलहि वडिलांचीच राहते.

यासाठीं जुनीं चाकें भंगारवाल्याच्या हवालीं करूं नयेत. टायर काढून, हबमधील जुनें वंगण पुसून नवें भरावें, रिमांना तेलाचा हात द्यावा, सळया, ठोकळे, हँडल व नट एका पिशवींत बांधावे, कोणता भाग कोठला हें चिठ्ठीवर लिहून ती पिशवीस अडकवावी, आणि सर्व माळ्यावर नीट ठेवून द्यावें. चिठ्ठीवर तारीख व बदल करणाराचें नांव घालण्यास विसरूं नये. पुढेंमागें घरांतल्याच कोणा नातवाला ती गाडी जशी होती तशी उभी करावीशी वाटली, तर त्याला कोणासहि विचारीत फिरावें लागणार नाहीं.